वॉर्डात मृत्यू झाल्यावर: बेडपाशी आणि ड्युटी संपताना

मृत्यू घोषित झाला की नळ्या काढायला हात लावण्याआधी थांबा. बेडपाशी असलेल्या कोणीही, डॉक्टरच हवा असं नाही, पेशंटचं नाव घ्यावं आणि एवढंच म्हणावं: "यांच्यासाठी आपण सगळ्यांनी प्रयत्न केले. थोडं शांत राहू या." तीस-चाळीस सेकंद पुरतात. प्रार्थना नको, म्हणजे कोणत्याही श्रद्धेच्या किंवा कसलीच श्रद्धा नसलेल्या माणसाला त्यात उभं राहता येतं. सफाई कर्मचाऱ्यांनाही बोलवा. पेशंटशी दोन शब्द बऱ्याचदा तेच बोललेले असतात. शेजारच्या बेडवर कोणी खालावत असेल तर अर्थातच थांबू नका, ते नाव ड्युटी संपताना घ्या.

पीपीईत, म्हणजे संसर्गापासून वाचवणाऱ्या पोशाखात, रडू आलं तर गॉगलखाली बोट घालू नका. सहकाऱ्याला खूण करून निघा आणि ठरलेल्या क्रमानेच सगळं उतरवा. मास्क शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, हात स्वच्छ करून. भरून आलेलं असताना नेमका हाच क्रम चुकतो.

नातेवाइकांना फोनवर "गेले" म्हणू नका. मास्कमधून ते "दुसऱ्या वॉर्डात गेले" असंही ऐकू येतं. "मृत्यू झाला" असं स्पष्ट सांगा, मग गप्प राहा. एकाच माणसाला लागोपाठ दोन असे फोन करायला लावू नका.

ड्युटी संपताना दहा मिनिटं बसा. आज काय जड गेलं? कोणाची मदत झाली? घरी एकटं कोण जातंय? चूक कोणाची, हा विषय इथे नाही. त्याची बैठक वेगळी. बोलायचं नसेल त्याने नुसतं बसावं. सगळ्यांकडून प्रसंग सक्तीने, तपशिलात वदवून घेण्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आयसीयूत मृत्यू डोळ्यांसमोर होतात, बरं होणं मात्र दुसऱ्या वॉर्डात. त्यामुळे मनातला हिशेब एकतर्फी होतो. एकाने रोज डिस्चार्जची यादी बघून स्टाफरूमच्या फळ्यावर, नाव न घालता, लिहावं: "बेड ७, घरी." टाळ्या आणि केकपेक्षा हे जास्त टिकतं.

दोन आठवडे झोप उडालेली असणं, तेच दृश्य पुन्हापुन्हा दिसणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणं, यांपैकी काहीही एखाद्या सहकाऱ्यात दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ तुम्हीच घेऊन द्या. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी, एकटं न सोडता न्या. या पेशात औषधं आणि त्यांच्या मात्रा दोन्ही हाताशी असतात. त्याची ड्युटी बदलायला अर्जाची वाट पाहू नका.