कल्याण-विरारच्या पुढे घर घेताना गाव कसं पारखावं

मुंबईत नोकरी आणि खिशाला परवडणारं घर, हे दोन्ही जुळवायचं म्हटलं की नजर बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, नेरळ, विरार, पालघर, पनवेल याच नावांवर जाते. बहुतेक लोक आधी सदनिका बघतात आणि मग गाव. हा क्रम उलटा हवा. सदनिका रंगवून, फोडून, वाढवून घेता येते. गावातली नदी, रेल्वेचं वेळापत्रक आणि पाण्याची पाइपलाइन बदलणं तुमच्या हातात नसतं. बिल्डरची गाडी तुम्हाला रविवारी दुपारी, कोरड्या ऋतूत साइटवर नेते. त्या वेळी यातलं कुठलंही गाव छानच दिसतं, म्हणून पाहणी मुद्दाम वाईट वेळी करा.

आधी गाडी

नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली, त्या स्टेशनातून सकाळी गाड्या सुटतात का, की फक्त मागून भरून येतात? बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, पनवेल आणि विरार इथून लोकल सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची आशा असते. वांगणी, शेलू किंवा नेरळला मात्र कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाडीत चढावं लागतं. घर दोन-तीन लाखांनी स्वस्त का, याचं निम्मं उत्तर तिथेच असतं. दुसरी, एक गाडी चुकली तर पुढची किती वेळाने? कल्याणला मार्ग फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. पुढे गाड्या वाटल्या जातात. बदलापूरच्या पुढे आणि टिटवाळ्याच्या पुढे त्या आणखी विरळ होतात. पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, पण फेऱ्या मोजक्याच आहेत. तिसरी, कामाच्या जागेवरून शेवटची गाडी किती वाजता, आणि ती थेट तुमच्या स्टेशनापर्यंत येते का?

मग मंगळवारी किंवा बुधवारी स्वतः प्रवास करा. सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यानची गाडी पकडा आणि संध्याकाळी साडेसहा-सातच्या गर्दीत परत या. घड्याळ घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत लावा: इमारतीखालून रिक्षा, स्टेशनातला पूल, गाडी, बदली, शेवटचं चालणं. बदलापूर ते सीएसएमटी जलद लोकलने साधारण सव्वा ते दीड तासाचं अंतर आहे, पण दोन्ही टोकांची मिळून पाऊण तासाची भर सहज पडते. एका बाजूला पावणेदोन तासांच्या वर जात असेल तर ते गाव यादीतून काढा. वर्षभर रोज साडेतीन-चार तास प्रवासात घालवणारं शरीर आणि संसार दोन्ही थकतात.

ऑफिस ऐरोली, महापे किंवा वाशीला असेल तर ठाण्याला बदलून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल पकडावी लागेल. अशांनी पनवेल, खांदेश्वर, तळोजा, उलवे ही बाजूही बघावी. उलव्यावरून जाणारा उरण लोकल मार्ग जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाला.

दारात लटकून जायची वेळ येणार असेल, तर तो प्रवास परवडणारा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलमधले लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि काहींचा जीव गेला. सकाळच्या गर्दीत तुम्हाला डब्याच्या आत उभं राहायला जागा मिळाली की नाही, हे चाचणीच्या दिवशी लिहून ठेवा. घरात नोकरी करणारी बाई असेल तर महिला डब्याची चाचणी तिनेच करावी, कारण तिथलं चित्र वेगळं असतं.

तिसरी-चौथी मार्गिका, नवा कॉरिडॉर, मेट्रो, विमानतळ यांची नावं माहितीपत्रकात ठळक असतात. जी गाडी आज धावत नाही तिच्यासाठी आज जास्त पैसे मोजू नका. असे प्रकल्प होतात, पण बहुधा सांगितलेल्या तारखेनंतर बऱ्याच वर्षांनी.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त

हिशेब महिन्याचा करा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जावर दर लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे दहा लाखांनी स्वस्त घरामुळे महिन्याला सुमारे ८,७०० रुपये वाचतात. आता त्यातून वजा करत जा. शेअर रिक्षाचे २० रुपये धरले, तर दोघांचे जाऊन-येऊन २५ दिवसांत २,००० रुपये होतात. त्यात पासातला फरक आणि सोसायटीच्या टँकरचा वाटा मिळवा. शिवाय रात्री उशीर झाला की कल्याणहून करावी लागणारी खासगी गाडी आहेच. काही गावांत वाचलेल्या पैशांतले निम्मे असेच जातात.

जाहिरातीतल्या आकड्यावर आणखी खर्च चढतो. ३५ लाखांचं बांधकाम सुरू असलेलं घर घ्या. मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के (स्त्रीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत), नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. जीएसटी १ टक्का, तोही चटई क्षेत्र ६० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तरच, नाहीतर ५ टक्के. एवढ्यातच सुमारे तीन लाख जातात, आणि आगाऊ देखभाल खर्च, पार्किंग, वकील हे अजून धरलेलं नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. म्हणून तयार घराचा भाव थोडा जास्त असला तरी अंतिम आकडा अनेकदा जवळजवळ तोच निघतो, आणि जोखीम बरीच कमी होते.

पाऊस आणि नदी

या भागातलं जवळजवळ प्रत्येक परवडणारं गाव कुठल्या ना कुठल्या नदीकाठी आहे. बदलापूर, वांगणी, नेरळ उल्हासवर, अंबरनाथमधून वालधुनी, टिटवाळ्याला काळू, खडवलीला भातसा, पनवेलला गाढी. वसई-विरार एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला वैतरणा यांच्यामध्ये, सखल जमिनीवर आणि मिठागरांच्या शेजारी आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की तिथलं पाणी समुद्रात उतरत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-विरारचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या.

उल्हासचं वागणं नवख्याला फसवतं. नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून कर्जत, नेरळमार्गे बदलापूरला येते. वर घाटात रात्रभर पाऊस झाला तर बदलापुरात साधी रिपरिप असतानाही सकाळी पाणी चढतं. बदलापूरला धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो, पण २७ जुलै २०१९ लाही वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, वालिवली या भागांत घर बघत असाल तर इमारतीचं जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे, हा पहिला प्रश्न असावा.

कागदावर बघायची ती पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषांमध्ये बांधकामाला अटी लागतात. विकास आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या बाजूला पडतो, ते नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारा.

मग जागेवर जा आणि तळमजल्यावरची वीज मीटरची खोली उघडून बघा. मीटरचे बोर्ड नेहमीपेक्षा उंचावर, डोक्याच्या पातळीला सरकवलेले असतील, खालच्या भिंतीवर जुन्या बोर्डाच्या खिळ्यांची भोकं आणि कमरेपर्यंत नवा रंग असेल, तर पाणी तिथवर येऊन गेलंय. लिफ्टच्या खड्ड्यात गाळ आहे का, जमिनीखालच्या टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीला आहे की वर, तेही पाहा. टाकीत एकदा पुराचं पाणी शिरलं की त्यातलं पाणी पिण्यालायक राहत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला "पावसाळ्यात माल कुठवर उचलून ठेवता?" एवढंच विचारा. दलालापेक्षा त्याचं उत्तर खरं असतं.

पाणी, नळाचं

दरडोई १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा रूढ मापदंड. चार माणसांना ५४० लिटर, म्हणजे ६० घरांच्या इमारतीला रोज सुमारे ३२,००० लिटर. नळाचं पाणी निम्मंच येत असेल तर उरलेल्यासाठी १०,००० लिटरचे दीड-दोन टँकर रोज लागतात. सोसायटीच्या चिटणीसांकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. दाखवायला काचकूच करत असतील तर ती मोठी आहेत असं समजा. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा पुरवठा आहे, वसई-विरारला सूर्या धरणाचा. पण शहराला पाणी आहे याचा अर्थ तुमच्या टोकाच्या इमारतीला दाबाने येतं असा होत नाही. नव्या वस्तीत बोअरवेलवर भिस्त असेल तर ते मार्चनंतर किती तास चालतं, हे वॉचमनला विचारा.

कागद

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, तेही स्वस्तातल्या घरांत. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घर जाण्याची टांगती तलवार आणि कर्जाचे हप्ते, दोन्ही घरं घेणाऱ्यांच्या वाट्याला आले. विरारच्या विजयनगरमधली अनधिकृत चार मजली इमारत २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोसळली आणि १७ जण गेले. त्यामुळे महारेराचा क्रमांक आहे, एवढ्यावर थांबू नका.

क्रमांक माहितीपत्रकावरचा कोड स्कॅन करून नाही, तर महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून शोधा. जुन्या नोंदणीत ठाणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे क्रमांक पी५१७००, रायगडचे पी५२०००, पालघरचे पी९९००० ने सुरू होतात. तिथे तुमच्या विंगचं नाव, मंजूर मजले, पूर्ण होण्याची तारीख आणि न्यायालयीन वाद बघा. मंजूर सात आणि प्रस्तावित चौदा असतील तर बाराव्या मजल्यावरचं घर आज कागदावर अस्तित्वातच नाही. मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि त्यांच्या नोंदीत ते आहे का, हे विचारा. बनावट कागद या एकाच पायरीवर पकडला जातो आणि नेमकी तीच सगळे टाळतात.

सर्व्हे नंबरचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यात भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), आदिवासी खातेदार, खाजगी वन किंवा कुळाची नोंद दिसली तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शेलू, वांगणी, नेरळ अशा ग्रामपंचायत हद्दीत "पंचायतीची मंजुरी आहे" म्हणत नमुना आठचा उतारा पुढे केला जातो. तो घरपट्टीसाठीचा कागद आहे, बांधकाम परवानगी नव्हे. जमीन बिनशेती झाल्याचा पुरावा आणि जिल्हाधिकारी किंवा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा, दोन्ही मागा.

जुनं घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, एवढं तरी हवंच. एकही राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देत नसेल आणि बिल्डर एकाच वित्त कंपनीचं नाव घेत असेल, तर पाऊल मागे घ्या. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, कायदाच तसा आहे.

रात्र, वास, दवाखाना

रात्री अकराच्या गाडीने उतरून घरापर्यंत जा. स्टेशनाच्या कुठल्या बाजूला रिक्षा मिळते, दिवे कुठे संपतात, पादचारी पुलावर वर्दळ असते का, हे तेव्हाच कळतं. उशिरा येणाऱ्या नर्स, दुकानांत काम करणाऱ्या मुली कुठल्या वाटेने जातात ते विचारा. ती वाट तुमच्या इमारतीकडे येत नसेल तर घर कितीही चांगलं असो, विचार करा.

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, तळोजा, बोईसर इथे रासायनिक कारखाने आहेत. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. उग्र वास बहुधा रात्रीच येतो, त्यामुळे तीच रात्रीची फेरी इथेही उपयोगी पडते. अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय संध्याकाळच्या वाहतुकीत किती मिनिटांवर आहे, आणि मध्ये रेल्वे फाटक किंवा पुरात बुडणारा पूल आहे का, तेही मोजा. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल पावसाळ्यात पुरामुळे बंद पडू शकतो, हे त्या बाजूला घर घेणाऱ्यांनी धरूनच चालावं.

इतकं तपासून एक-दोन गावं उरली की घाईने टोकन देऊ नका. त्याच वस्तीत मे महिन्यात ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर भाड्याने राहायला जा. मेचं पाणी, जुलैचा पूर आणि पावसाळ्यातली लोकल, तिन्ही त्यात येतात. घरमालकाशी ठरवताना तीन महिन्यांनंतर एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल, असं कलम करारात लिहून घ्या.