पावसाळ्यात टिकणारी लाकडी पाटी कशी करावी

दारावरची लाकडी पाटी मे महिना संपण्यापूर्वी पूर्ण करावी, कारण ठाण्यात जून उजाडला की दमट हवेने लाकूड फुगते आणि पॉलिशही धड वाळत नाही. वखारीतून नीट सुकलेली, 25 मिलिमीटर जाडीची सागवानी फळी घ्यावी. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, विचारही करू नये. मापात कापणे आणि 80, 120 व 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे कोणालाही जमते. फक्त घासताना सर्व कडा किंचित गोल कराव्यात, कारण धारदार कडेवर पॉलिशचा थर टिकत नाही आणि पापुद्रा तेथूनच सुटू लागतो.

खरी गोम फळीच्या दोन टोकांत आहे. कोपरीच्या घरासाठी मी केलेली पहिली पाटी गणपतीपर्यंत दोन्ही टोकांना काळी पडली. पॉलिशवाल्याच्या सल्ल्यावरून पुढच्या वर्षी समोरून आणखी दोन हात दिले, तरी तीच गत झाली. शेवटी वैतागून ती पाटी करवतीने मधोमध उभी चिरली, तेव्हा ओलीचे काळे पट्टे टोकांकडून चार-चार बोटे आत गेलेले दिसले. समोरच्या पृष्ठभागाखालचे लाकूड मात्र कोरडे होते. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या फळीच्या लांबीच्या दिशेने जातात आणि आडवा काप घेतला की त्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद न करता समोरून कितीही हात दिले तरी ते व्यर्थ आहेत.

म्हणून प्रथम टोके थिनरने पुसून सागवानाच्या अंगचे तेल काढावे आणि फळी उभी करून वरच्या टोकावर पातळ एपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारी राळ) ब्रशने पाजावे. मिनिटाभरात ते आत जिरते. जिरले की पुन्हा द्यावे, आणि पृष्ठभाग ओला व चकचकीत राहू लागेपर्यंत थांबू नये. रात्रभर वाळल्यावर दुसऱ्या टोकाला तेच करावे. मात्र एपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुरभुरते, त्यामुळे त्यावर पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात द्यावाच लागतो. जवसाचे तेल पुरेसे आहे असे सांगणाऱ्यांच्या पाट्यांवर श्रावणात बुरशी आलेली मी पाहिली आहे.

अक्षरे कोरताना हाच शत्रू पुन्हा भेटतो. फळीच्या रेषा आडव्या असतील, तर काना कोरताना छिन्नी त्यांना आडवी छेदते आणि कान्याच्या दोन्ही भिंतींत नळ्यांची तोंडे उघडतात. म्हणून बारीक ब्रशने प्रत्येक कान्याच्या आतही एपॉक्सी द्यावे. शिरोरेषेचा धोका वेगळा आहे: राउटरने (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राने) चौकोनी खाच पाडली, तर तिच्या खालच्या काठावर पाणी साचून राहते. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरती कोरावी, म्हणजे पाणी आपोआप बाहेर घसरते. अक्षरांत भरायला साधा इनॅमल रंग चालतो.

यानंतर बाहेरच्या वापराचे, अतिनील किरणे रोखणारे पीयू पुढून आणि मागून सारखेच तीन-तीन हात द्यावे. मागची बाजू कोरी सोडणे हा अस्सल आळस आहे. एकाच अंगाने ओल घेणारी फळी वाकते. मेलामाइनचे पॉलिश घरातल्या फर्निचरसाठी ठीक आहे, आणि लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते.

बसवण्यासाठी 316 दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. लोखंडी स्क्रूमुळे सागवानातील टॅनिन हे तुरट द्रव्य काळे पडून पाटीवर ओघळ उमटतात, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो. भोके पीयू लावण्यापूर्वीच पाडून आतून एपॉक्सीने भिजवावीत. भिंतीवर चढवताना पाटीला ड्रिल मारले, तर आतापर्यंतची सारी मेहनत त्या एका भोकातून वाया जाते. पाटी आणि भिंत यांच्यात प्लास्टिकच्या चकत्या ठेवून 10 मिलिमीटर फट सोडावी, म्हणजे मागून वारा खेळतो. दर ऑक्टोबरमध्ये पाटी उतरवून टोकांवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच टपोरा राहिला तर पाटी पुसून परत लावावी; पसरून काळा डाग पडला, तर चांगले वाळू देऊन, घासून टोकांना पुन्हा एपॉक्सी व पीयू द्यावे.