चार इयत्ता, एक खोली : गोंधळ आवरायचा कसा

आमची शाळा द्विशिक्षकी, बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची. कागदावर माझ्याकडे तिसरी-चौथी. पण सहकारी सर प्रशिक्षणाला, रजेवर किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की पहिली ते चौथी सगळी पोरं माझ्याच खोलीत. तिथे शिस्तीवरची भाषणं उपयोगाची नसतात. माझं मत असं बनलंय की वर्गातला बहुतेक दंगा दोनच ठिकाणी सुरू होतो : मुलाला काम नसतं तिथे, आणि दिलेलं काम त्याला येत नसतं तिथे. खाली लिहिलंय ते सगळं या दोन फटी बुजवण्यासाठी.

आल्या आल्या हाताला काम

परिपाठ संपून मुलं आत येतात आणि मी हजेरी घेते, तो वेळ सगळ्यात धोक्याचा. म्हणून फळ्याची डावी पट्टी मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवते. त्या कामाला अटी दोन : मला न विचारता सुरू करता आलं पाहिजे आणि ते लवकर संपता कामा नये. 'ही पाच गणितं सोडवा' म्हटलं की चटपटीत पोरगी क्षणात मोकळी होते, आणि मोकळी झाली की शेजारणीची वेणी ओढते. त्याऐवजी 'उत्तर 24 येईल अशी उदाहरणं तयार करा' असं द्या. कुणी 20 + 4 लिहून थांबतो, कुणी 6 × 4 पर्यंत जातो, एखादी 100 − 76 लिहून हळूच वर बघते. काम एकच, पण प्रत्येकाला आपापल्या कुवतीचं.

गट इयत्तेवर नको

जूनमध्ये एकेका मुलाला जवळ बसवून चार ओळींचा उतारा वाचायला द्या. उतारा अडला तर वाक्य, वाक्य अडलं तर शब्द, शब्दही अडला तर अक्षर. मूल जिथे सहज वाचतं, तो त्याचा भाषेचा गट. चौथीचा मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो, हे खरं. म्हणून आमचे गट गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा. यातला वरचा कोणता, खालचा कोणता हे नावावरून कळत नाही. गणिताच्या तासाला गट वेगळे पडतात, आणि वाचनात मागे असलेला पोरगा तिथे बऱ्याचदा पुढे असतो. महिन्याभराने पुन्हा वाचून घ्या आणि गट बदला. वर्षभर न हललेला गट म्हणजे मुलाच्या कपाळावरचा शिक्का.

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव

'गणेश, सात नव्वे किती?' असं विचारलं की बाकीचे सगळे त्या क्षणी सुटतात. नाव शेवटी घ्या. मधल्या थांबण्यावर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात काम केलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर फळ्यासमोर उभं राहून बघा, जीव कासावीस होतो.

याहून सोपं साधन म्हणजे पाटी. सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि मी 'पाटी वर' म्हटलं की एकदम दाखवायचं. चार-पाच पाट्यांवर एकच चूक दिसली तर तो भाग दुसऱ्या पद्धतीने पुन्हा घ्यायचा. डिजिटल फळा असेल त्यांनी जरूर वापरावा. आमच्याकडे वीज असते तेव्हा आम्हीही वापरतो.

'मॅडम, हा मला चिमटे काढायलाय'

दिवसभर हेच. प्रत्येक वेळी न्यायनिवाडा करत बसलात तर तास गेलाच. कोपऱ्यात एक तक्रार वही ठेवा. तक्रार लिहायची, सुनावणी दुपारच्या सुट्टीनंतर. खिचडी खाऊन झाल्यावर निम्म्या तक्रारदारांना आपली तक्रार आठवत नाही, आणि लिहिण्याचा सराव होतो तो वेगळाच. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढलं तरी चालतं. मात्र लागलेलं, कुणी अंगाला नको तसा हात लावलेला, कुणी जातीवरून बोललेलं, या गोष्टी वहीत जायच्या नाहीत. त्या तिथेच, तेव्हाच थांबून ऐकायच्या.

खोडकर पोराला मॉनिटर करा, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा अधिकार मिळाला की तो छोटा फौजदार होतो. त्याला वस्तूंचं काम द्या : आज ताटं किती लागतील ते मोजणं, पाट्या वाटणं.

छडी गेली म्हणून पोरं बिघडली, असं पारावर ऐकावं लागतं. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. 'गाढवा, तुझ्या डोक्यात काय भरलंय' हे दुसऱ्यात मोडतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. लांबून ओरडण्यापेक्षा शिकवता शिकवता त्याच्याजवळ जाऊन उभं राहा आणि हळू आवाजात नेमकं काम सांगा : 'वही उघड, तारीख घाल.' 'नीट बस' मधून त्याला काहीच कळत नाही.

नोंद अशी ठेवा

वर्णनात्मक नोंदीत 'अभ्यासात लक्ष नाही' लिहून काय उपयोग? एखादं मूल सारखं उठत असेल तर आठवडाभर एवढंच टिपा : वेळ कोणती, कोणतं काम चालू होतं, मी कुठे होते. अशीच एका मुलाची नोंद ठेवली होती. त्याचं उठणं नेमकं दशक सुटा करायच्या वजाबाकीला सुरू व्हायचं. काड्यांचे गठ्ठे सोडून ती पुन्हा शिकवली, तसं उठणं बरंच कमी झालं.

कारखाने बंद झाल्यावर

ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मधला अभ्यास बुडालेला, वर्ग पुढे गेलेला. मग ती एकतर गप्प होतात, नाहीतर मारामारी करतात. पहिल्या दिवशी पुस्तक काढायला लावू नका. एका मोळीत साधारण किती ऊस, गाडीत किती मोळ्या, हे त्यांनाच वर्गाला सांगू द्या आणि त्यावरूनच गुणाकाराची उदाहरणं फळ्यावर मांडा. वाचनाची चाचणी दोन-चार दिवसांनी, एकट्याला बाजूला घेऊन. आईबाप फडावर असताना मागे राहिलेल्या मुलांच्या पालकसभेला आजी येते. तिला तक्रारीसाठी बोलावण्याआधी एकदा पोराची वही दाखवायला बोलवा, आणि त्याने लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवू द्या.