अठरा पूर्ण होण्याआधी: बालगृहातल्या मुलांची तयारी

अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या मदतीची, तयारी सतराव्या वर्षीच सुरू करा. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याच्या नियमांनुसार १८ ते २१ वयापर्यंत मदत मिळू शकते, अपवादात्मक स्थितीत २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत त्यासाठी मासिक ४००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षातून करा, सोबत वैयक्तिक काळजी आराखडा जोडा.

घोळ होतो तो आधारचा. त्याला बालगृहाच्या अधीक्षकांचा मोबाइल जोडलेला असतो. मूल बाहेर पडलं की ओटीपी तिकडेच जातो आणि शिष्यवृत्ती अडते. मुलाच्या स्वतःच्या नावावर सिम घेता आलं की त्याच आठवड्यात नंबर बदला. बँकेतलं अज्ञान (१८ वर्षांखालच्या मुलाचं) खातंही केवायसी करून सज्ञान करून घ्या, नाहीतर व्यवहार थांबतात.

अनाथ प्रमाणपत्र संस्थेत असतानाच काढा. महाराष्ट्रातलं अनाथांसाठीचं १ टक्का आरक्षण त्यावरच मिळतं, आणि बाहेर पडल्यावर जुनी कागदपत्रं जमवणं फार जड जातं.