संगणकातील माहितीची राखीव प्रत कशी ठेवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील बहुतेक छोट्या व्यवसायांचे सारे दप्तर आज एकाच संगणकात असते: दुकानाची टॅलीतील खाती, उद्यमबागेतील कारखान्याची ड्रॉइंग, छपाईवाल्याकडील जुन्या लग्नपत्रिका. वळीव कोसळताना वीज आत-बाहेर करू लागली की हार्ड डिस्क कधी दगावेल याचा नेम नसतो, आणि ऑगस्ट 2019 सारखा पूर आला तर तळमजल्यावरचे यंत्रच पाण्यात जाते. म्हणून बॅकअप हे दप्तराच्या रोजच्या कामाचाच भाग मानावे.

प्रथम काय जपायचे ते ठरवावे. विंडोज किंवा टॅली पुन्हा टाकता येते. आपण भरलेली माहिती पुन्हा मिळत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर जुळवणाऱ्या डीटीपी केंद्रांनी येथे विशेष दक्षता घ्यावी, कारण श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिप्यांची सामायिक अक्षरसंकेत पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलीत प्रत्यक्षात केवळ सांकेतिक क्रमांक असतात आणि त्यांना अक्षराचे रूप तो फॉन्टच देतो. नव्या संगणकावर फॉन्ट नसला, तर फाइल सुखरूप असूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्यामुळे फायलींसोबत फॉन्टही जपावेत आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ काढून ठेवावी.

किती प्रती असाव्यात, याचा छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला 3-2-1 हा नियम पुरेसा आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. दुकान शहापुरात असेल तर एक डिस्क टिळकवाडीतील घरी ठेवावी. सी ड्राइव्हवरील फायली डी ड्राइव्हवर उतरवल्या म्हणजे बॅकअप झाला, असे समजणारे पुष्कळ आहेत. परंतु हे दोन्ही बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

बाहेरची डिस्क जोडून विंडोजमधील फाइल हिस्ट्री सुरू केल्यास ती दर तासाला बदललेल्या फायलींची नोंद घेते. मात्र ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच पाहते. आपल्याकडे कामाचे फोल्डर सर्रास डी ड्राइव्हवर असतात. ते विंडोजच्या लायब्ररीत, म्हणजे फाइल हिस्ट्री ज्यावर लक्ष ठेवते त्या फोल्डरांच्या गटात, मुद्दाम जोडावे लागतात.

डिस्क कायम जोडलेलीही ठेवू नये. मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करतात. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्यास एक नेहमी सुटी राहते. गूगल ड्राइव्ह दुसऱ्या जागेची गरज भागवतो, पण मोफत मिळणारे 15 जीबी जीमेल आणि फोटोंसह मिळून असतात. शिवाय संगणकाशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरातून फाइल पुसली तर ती ड्राइव्हवरूनही जाते आणि कचऱ्यात 30 दिवसच राहते.

किती दिवसांचे काम पुन्हा करण्याची आपली तयारी आहे, त्यावर बॅकअपचे अंतर ठरवावे. पतसंस्थेला रोज संध्याकाळी, छापखान्याला आठवड्याला चालेल. जागतिक बॅकअप दिन 31 मार्चला असतो, आणि आपले हिशेबाचे वर्षही त्याच दिवशी संपते. त्या दिवशीची वर्षाची प्रत निराळी काढून ठेवावी.

सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे प्रत उघडून पाहणे. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा, बॅकअप या मार्गाने प्रत निघते. परंतु तपासणीसाठी रिस्टोअर करताना नेहमी नवे, रिकामे फोल्डर निवडावे, कारण चालू फोल्डर दिल्यास आजच्या नोंदींवर जुनी माहिती बसते. उघडलेल्या प्रतीतील शेवटचे व्हाउचर आणि एखाद्या खात्याची शिल्लक मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. डिस्कला पासवर्ड असेल तर तो आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, आणि ती कोठे आहे हे दप्तरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.