वाड्याची खिडकी बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा

बडोद्यात मांडवीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवताना पाहिलं की जीव तुटतो. बहुतेक वेळा अख्खी खिडकी गेलेली नसतेच. पावसाचं पाणी चौकटीच्या तळाशी साचतं, म्हणून खालची आडवी पट्टी आणि उभ्या बाजूंची खालची टोकं तेवढी कुजतात.

स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे दाबा. सहज आत गेलं तर लाकूड गेलंय. थोडं वर सरकून पुन्हा दाबा, कडक लागलं की तिथवर वाचलंय. कुजका भाग तिरका कापायला सांगा, म्हणजे जोडाला पकड जास्त मिळते. जोडायला जुनाच मुरलेला सागवान घ्या (पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्यांकडे मिळतो), रेषा मूळ लाकडाच्या दिशेने जुळवा आणि लाकडी खुंटीने पक्कं करा. सिमेंट किंवा लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेऊ नका. आत ओल कोंडते आणि शेजारचं चांगलं लाकूडही कुजतं. बाहेरच्या पट्टीला थोडा उतार ठेवाच. सुकल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या.

एक कायद्याची गोष्ट. बडोद्यातलाच तांबेकर वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथेही बांधकाम-दुरुस्तीला आधी परवानगी लागते. अर्जासोबत खिडकीचे आतून-बाहेरून फोटो आणि मापं जोडा, आणि परवानगी हातात येईपर्यंत सुताराला चौकटीला हात लावू देऊ नका.