बायबलचे नवे शब्दशः इंग्रजी भाषांतर करताना या चुका टाळा

इंग्रजीत बायबलच्या शब्दशः भाषांतरांची वानवा नाही. रॉबर्ट यंग यांनी 1862 मध्ये आणि कनेक्टिकटच्या ज्युलिया स्मिथ यांनी 1876 मध्ये एकहाती प्रसिद्ध केलेली भाषांतरे आजही अभ्यासक चाळतात. 1901 चे अमेरिकन स्टँडर्ड आणि 1971 चे न्यू अमेरिकन स्टँडर्ड ही मंडळांनी केलेली कामेही त्याच वाटेची आहेत. आता हिब्रू व ग्रीक पाठ, कोश आणि प्रत्येक पदाचे व्याकरण सांगणारी सामग्री संगणकावर मिळत असल्याने असे काम पुन्हा हाती घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मात्र 'शब्दशः' म्हटले की आपल्याला काही ठरवायचे नाही, मुळात आहे ते उतरवायचे एवढेच, अशी समजूत सहज होते, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

पाठ न ठरवता सुरुवात करणे

'मूळ' ही एकच वस्तू नाही. जुन्या कराराची अभ्यासकांत रूढ असलेली श्टुटगार्टची हिब्रू आवृत्ती अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या लेनिनग्राड हस्तलिखिताचा पाठ छापते आणि पाठभेद तळाशी देते. नव्या कराराची नेस्ले-आलांड आवृत्ती मात्र अनेक हस्तलिखिते तोलून संपादकांनी सिद्ध केलेला पाठ देते. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हा दुसरा प्रकार ओळखीचा वाटेल.

पाठ ठरवलेला नाही याचे लक्षण चटकन दिसते. प्रेषितांची कृत्ये 8:37 हे वचन गाळलेले असते, पण योहानाच्या पहिल्या पत्रातल्या 5:7 मधले स्वर्गातील तीन साक्षीदारांचे वाक्य जागच्या जागी असते. ही दोन्ही वाक्ये टेक्स्टस रिसेप्टस या जुन्या छापील ग्रीक परंपरेत आहेत आणि आजच्या चिकित्सक पाठात दोन्ही नाहीत. तेव्हा एक ठेवून दुसरे गाळणाऱ्याने पाठ वाचला नसून सवयीने निवड केली आहे, हे उघड होते. आधारभूत आवृत्ती कोणती आणि तिच्यापासून कोणत्या कारणाने दूर जायचे, हे पहिल्या वचनाला हात लावण्याआधी एका पानावर लिहून काढावे. त्याच वेळी परवानेही तपासावेत, कारण नेस्ले-आलांडच्या पाठाचे हक्क राखीव आहेत, तर वेस्टकॉट आणि हॉर्ट यांचा 1881 चा पाठ सर्वांना खुला आहे.

एका शब्दाला आंधळेपणाने एकच प्रतिशब्द देणे

हा शब्दशः भाषांतरकाराचा सर्वांत मोठा मोह आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही, कारण मुळातली पुनरुक्ती वाचकाला दिसावी हेच तर अशा भाषांतराचे प्रयोजन असते. परंतु हिब्रू 'रूआख' हा शब्द घ्या. उत्पत्ती 8:1 मध्ये देव पृथ्वीवर जे वाहवतो आणि ज्याने पाणी ओसरते, तो वारा आहे. उत्पत्ती 6:17 मध्ये तो सजीवांमधला श्वास आहे. स्तोत्र 51 मध्ये 'तुझा पवित्र रूआख माझ्यापासून काढून घेऊ नकोस' अशी विनवणी आहे, तेथे आत्मा. तिन्ही ठिकाणी 'स्पिरिट' लिहिल्यास एकरूपता साधते आणि महापूर ओसरण्याचे वर्णन मात्र अनाकलनीय होते. ग्रीक 'प्न्यूमा'चेही तेच. योहान 3:8 मध्ये बहुतेक इंग्रजी भाषांतरकार वारा वाहवतात, यंग यांनी मात्र आत्माच वाहवला आहे. येथे श्लेष आहे, तो इंग्रजीत एका शब्दात मावत नाही, आणि तळटीप देणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

1611 च्या किंग जेम्स आवृत्तीच्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेतच अशी एकरूपता नाकारली होती. 1881 च्या सुधारित नव्या कराराने तिचा आग्रह धरला आणि अवघडलेल्या इंग्रजीबद्दल टीका ओढवून घेतली. त्याआधी कितीतरी शतके अक्विला नावाच्या भाषांतरकाराने तर हिब्रूतल्या निव्वळ कर्मदर्शक 'एत' या अव्ययालाही ग्रीकमध्ये 'सह' या अर्थाचा शब्द दिला, आणि देवाने आकाशासह व पृथ्वीसह निर्मिती केली असे विचित्र वाक्य तयार झाले. लॅटिन बायबलचा भाषांतरकार संत जेरोम याने त्याची थट्टा केली आहे, आणि ती रास्त आहे.

यावर उपाय शब्दसूचीचा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दापुढे नेहमीचा प्रतिशब्द, मान्य पर्याय आणि पर्याय वापरण्याची अट अशी नोंद असावी. वाक्प्रचारांची सूची वेगळी ठेवावी. निर्गम 34:6 मधले हिब्रू शब्द अक्षरशः 'नाकपुड्यांनी लांब' असे आहेत; आपल्या मराठी बायबलने तेथे 'मंदक्रोध' हा नेटका शब्द योजला आहे. इंग्रजीत लांब नाक लिहून कोणाचेच भले होणार नाही.

क्रियापदाचे रूप म्हणजेच काळ, असे मानणे

हिब्रू कथनात 'व' जोडलेले एक क्रियारूप ओळीने येते. दिसायला ते अपूर्ण क्रियेच्या रूपासारखे असते, पण सांगते घडून गेलेल्या गोष्टी. यंग यांनी रूपाकडे पाहून तेथे वर्तमानकाळ वापरला, त्यामुळे त्यांच्या उत्पत्ती 1:3 मध्ये देव 'म्हणतो' आणि प्रकाश 'आहे'. स्मिथबाईंनी त्याच प्रकारच्या रूपांना बऱ्याचदा भविष्यकाळ दिला. दोघेही रूपाशी निष्ठा राखण्याची प्रतिज्ञा करून बसले होते, आणि दोघांची उत्तरे जुळत नाहीत. इंग्रजीत कथन भूतकाळात चालते. ते रूप कथनासाठी असेल तर भूतकाळ हाच शब्दशः अनुवाद ठरतो, असे माझे मत आहे.

तीच गोष्ट उत्पत्ती 2:17 ची. तेथे एकाच धातूची दोन रूपे लागोपाठ येतात आणि अर्थावर जोर देतात. यंग यांनी ती 'मरत तू मरतोस' अशी ठेवली, तर बहुतेकांनी 'नक्की मरशील' असे लिहिले. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र मधूनच वर्तमानकाळ येतो, तो खरोखर लेखकाची लकब आहे. न्यू अमेरिकन स्टँडर्डने अशा जागी इंग्रजी भूतकाळ वापरून क्रियापदाला तारांकित खूण केली. ही युक्ती उसनी घेण्यासारखी आहे.

जुन्या इंग्रजीतली सर्वनामे घाऊक बदलणे

1901 ची आवृत्ती घ्यायची, संगणकाकडून 'दाऊ' (तू), 'दी' (तुला) आणि 'यी' (तुम्ही) यांच्या जागी 'यू' टाकायचे आणि नवे भाषांतर झाले म्हणायचे, हा आडमार्ग मोहात पाडतो. लूक 22:31-32 उघडून पाहावे. येशू शिमोनाला म्हणतो की सैतानाने 'तुम्हाला' मागितले आहे, पण मी 'तुझ्यासाठी' प्रार्थना केली आहे. सगळे शिष्य धोक्यात आणि प्रार्थना एकासाठी, हा भेद ग्रीकमध्ये आहे, 1611 च्या इंग्रजीत होता, आणि मराठी वाचकाला तो न सांगता कळतो. आधुनिक इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येते. अनेकवचनाला खूण किंवा तळटीप दिल्यावाचून असे भाषांतर स्वतःला शब्दशः म्हणवू शकत नाही.

छपाईच्या वेळी घडणाऱ्या चुका

भरीचे, म्हणजे मुळात नसलेले पण अर्थासाठी घातलेले शब्द तिरक्या टाइपात छापण्याची रीत जुनी आहे, पण आजचा वाचक तिरका टाइप म्हणजे जोर असे समजतो. पहिले राजे 13:27 मध्ये म्हातारा संदेष्टा मुलांना गाढवावर खोगीर घालायला सांगतो आणि किंग जेम्स आवृत्तीत पुढे येते की त्यांनी 'त्याच्यावर' खोगीर घातले. हा शब्द भरीचा, म्हणून तिरका. जोर देऊन वाचल्यास खोगीर बापाच्या पाठीवर चढते. त्यामुळे चौकटी कंस बरे.

अध्याय-वचनांचे आकडे हिब्रूवरून थेट उचलू नयेत. हिब्रूत मलाखीचे तीन अध्याय आहेत, इंग्रजीत चार. पुष्कळ स्तोत्रांत शीर्षकालाच पहिले वचन धरल्याने पुढचे सारे आकडे एकाने सरकतात. शब्दसूची आणि तळटीपांत हिब्रू की इंग्रजी आकडे द्यायचे, हे आधीच नक्की करावे.

मुद्रितशोधनात संगणकाच्या शुद्धलेखन-तपासणीवर भिस्त ठेवू नये, कारण गळालेला शब्द तिला दिसत नाही. लंडनमध्ये 1631 साली छापलेल्या आवृत्तीत दहा आज्ञांपैकी एकीतला 'नॉट' गळाला, व्यभिचार करण्याचीच आज्ञा छापली गेली आणि मुद्रकांना 300 पौंडांचा दंड झाला. शेवटचे वाचन दोघांनी करावे, एकाने मूळ पाठ मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने इंग्रजीवर बोट ठेवून प्रत्येक नकार, प्रत्येक संख्या आणि प्रत्येक विशेषनाम ताडून पाहावे.